पासिंग होईल का? मुंबईची पद्मिनी आणि जुनी गाडी सांभाळण्याचा हिशेब

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बिल्डिंगखालीच उभा आहे. बाबांनी 2009-10 च्या सुमारास घेतलेली गाडी, डाव्या दरवाजावर एक जुना ओरखडा, एसी लावला की चढावर दमणारी. ती आता पंधरा वर्षांची झालीय, आणि घरात जेवताना एकच चर्चा: ठेवायची की काढायची?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, मेकॅनिक नाही. त्यामुळे तुमच्या गाडीचा क्लच अजून किती चालेल, ते मी सांगू शकत नाही. पण या चर्चेला एक इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबईत घडलाय. जुन्या गाडीची काळजी आपल्याकडे कायमच होती. फक्त काळजी कशाची करायची, हे दर पिढीला बदलत गेलं. आधी होतं, "पार्ट मिळेल का?" मग आलं, "परवडेल का?" आणि आता आहे, "पासिंग होईल का?"

हा बदल बघायला एक गाडी एकदम बरोबर आहे. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी.

इंजिन ठीक, तारीख संपली

मुंबईच्या ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी एका पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. तिच्यानंतर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली नाही. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी चालवणं कायद्याने बंद झालं. त्या आठवड्यात लोकांनी सेल्फी काढले, आठवणी लिहिल्या, पेपरात फोटो आले.

पण त्या दिवशी गाडीत नेमकं काय बिघडलं होतं? काहीच नाही. आदल्या दिवशी जे इंजिन चालत होतं, तेच दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. कॅलेंडरचं पान उलटलं आणि गाडी "जुनी" झाली. हे बरोबर की चूक, ते नंतर बघू. आधी मागे जाऊ, कारण या गाडीच्या आयुष्याची सुरुवात अगदी उलट परिस्थितीत झाली होती. तेव्हा गाडी म्हातारी होणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

कुर्ल्यात बनलेली इटालियन

सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, सगळीकडे हात घातलेला माणूस. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, म्हणजे डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या इथे जोडल्या जायच्या. मग इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली.

याच सुमारास सरकारने एक मोठा निर्णय घेतला. नुसते सुटे भाग बाहेरून आणून इथे बोल्ट आवळणाऱ्या कंपन्या नकोत, ज्यांना हळूहळू सगळं इथेच बनवायचंय त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून जोडणीचा कारखाना होता. तो 1954 मध्ये बंद झाला. फोर्डनेही गाशा गुंडाळला. ही दोन नावं लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहेत.

मैदानात उरले मोजके खेळाडू: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड, आणि मुंबईत प्रीमियर. प्रीमियरची फियाट 1100 आली 1954 मध्ये. तिच्या गोलमटोल आकारामुळे लोकांनी तिला नाव दिलं "डुक्कर फियाट". आजही कोणा आजोबांना विचारा, हे नाव ऐकून हसतील. 1964 मध्ये आली 1100 डिलाइट. हाच तो आकार, जो आपल्याला टॅक्सी म्हणून आठवतो. 1974 मध्ये त्याच गाडीला चित्तोडच्या राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. चार सिलिंडर, 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगशेजारच्या दांड्यावर गिअर. पुढची पंचवीसेक वर्षं थोड्याफार बदलांसह हीच गाडी बनत राहिली.

पहिली काळजी: पार्ट मिळेल का?

आता 1970 च्या दशकातल्या एखाद्या मध्यमवर्गीय माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. अख्ख्या देशात वर्षाला 30-40 हजारांच्या आसपास कार बनायच्या. आज एखादी मोठी कंपनी महिन्याभरात त्याहून जास्त विकते. गाडी हवी तर पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची, तीही वर्षानुवर्षं. कोणाकडे गाडी विकायला असेल तर जुन्या गाडीलाही तगडा भाव, कधी नव्याच्या वर.

म्हणजे बघा, आज गाडी शोरूममधून बाहेर काढली की किंमत पडते. तेव्हा तसं नव्हतं. गाडी ही मालमत्ता होती, घरासारखी. आणि घर कोणी पंधरा वर्षांनी भंगारात काढत नाही. डागडुजी करतात.

या सक्तीतून एक अख्खी दुनिया उभी राहिली. ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकानं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं जुन्या पार्टचं मार्केट. चोरबाजार. गल्लीबोळात एक मिस्त्री, त्याच्या हाताखाली दोन पोरं, आणि शेजारी एक लेथवाला. गंमत म्हणजे गाडी कुर्ल्यात जन्मायची आणि तिचे सुटे अवयवही शेवटी कुर्ल्यातच विकायला यायचे.

इंजिन झिजलं तर फेकायचं नाही. तेल जळायला लागलं, मागून निळसर धूर यायला लागला, की मिस्त्री म्हणणार, "साहेब, हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे हेड उघडायचं, वॉल्व्ह घासून बसवायचे, रिंगा बदलायच्या. त्याहून जास्त झीज असेल तर बोअर. सिलिंडरची आतली भिंत मशीनवर थोडी खरवडून गुळगुळीत करायची आणि एक साइज मोठं पिस्टन टाकायचं. हे दोन-तीन वेळा करता येतं. भिंत पातळ झाली की आत नवी स्लीव्ह ठोकायची, आणि पुन्हा पहिल्या साइजपासून सुरुवात! पॉइंट घासायचे, कार्बुरेटर पेट्रोलने धुवायचा, प्लगचा गॅप ब्लेडच्या पात्याने बघायचा. यातल्या कशालाही लॅपटॉप लागत नाही.

पद्मिनीवर टीका काय व्हायची? की कंपनी काही सुधारतच नाही, तीच गाडी, तेच इंजिन. टीका खरी होती. गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नसल्यामुळे सुधारायची घाई कंपनीला नव्हती. पण सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हाच मोठा फायदा होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो: व्हर्जनच बदललं नाही, त्यामुळे कंपॅटिबिलिटीचा त्रास नाही. एका वर्षाच्या गाडीचे बरेचसे पार्ट दहा वर्षं नव्या गाडीला बसायचे. मिस्त्रीने एक इंजिन शिकलं की आयुष्यभराची रोजीरोटी झाली.

एक शत्रू मात्र मिस्त्रीच्याही हाताबाहेरचा होता. मुंबईचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. इंजिन परत उभं राहायचं, पण पत्रा सडायचा. पायाखालची चादर, दरवाजाची खालची कड, चाकांवरची कमान. मग सडलेला भाग कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, लांबी भरायची, घासायचं, रंग मारायचा. दर पावसाळ्यानंतर हा खर्च ठरलेला.

दुसरी काळजी: परवडेल का?

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हिशेब फिरला. छोटी, हलकी, कमी पेट्रोल पिणारी, आणि सकाळी पटकन सुरू होणारी. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, कर्ज मिळायला लागलं. आता जुन्या पद्मिनीवर खर्च करणं ही मजबुरी राहिली नाही, तो निर्णय झाला. दोन महिन्यांत दोनदा गॅरेजला गेलेली गाडी बघून बायको विचारणार, "एवढ्यात नव्याचा हप्ता नसता बसला?"

घरगुती गाड्या हळूहळू गेल्या. पण टॅक्सी गेली नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत 60 हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या, आणि त्यात बहुतेक पद्मिनी. का? कारण टॅक्सीवाल्याचं गणित वेगळं. त्याला गाडी दिसायला कशी आहे याच्याशी घेणंदेणं नाही. गाडी गॅरेजला उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडतो, आणि भाड्याने शिफ्ट करणारा असेल तर त्याची अख्खी कमाई. त्यामुळे ज्या गाडीचा पार्ट कोपऱ्यावर मिळतो आणि जी कोणताही मिस्त्री दुपारपर्यंत परत देतो, ती गाडी त्याला स्वस्त. पेट्रोल जास्त पीत असली तरी.

मग गोष्टीत हवा आली. म्हणजे शब्दशः हवा. मुंबईच्या धुराविरुद्ध नागरिकांनी बॉम्बे हायकोर्टात याचिका केली होती. 1999 मध्ये कोर्टाने त्यावर व्ही. एम. लाल समिती नेमली. जुन्या टॅक्सींनी एकतर सीएनजीवर यावं किंवा रस्त्यावरून जावं, असा दबाव सुरू झाला. त्याच सुमारास नवे एमिशन नॉर्म्स आले आणि पद्मिनीचं उत्पादनही थांबलं.

सीएनजीने हवा सुधारली आणि टॅक्सीवाल्याचा इंधनाचा खर्चही कमी झाला, हे मान्य करायला हवं. पण किट बसवायचा खर्च त्याच्या खिशातून, आणि डिकी गेली सिलिंडरच्या पोटात. म्हणून तर स्टेशनवरून येताना तुमच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढायच्या. शिवाय सिलिंडरचीही ठरावीक काळाने तपासणी आली. एक काळजी कमी झाली, एक वाढली.

तिसरी काळजी: पासिंग होईल का?

इथपर्यंत गाडी किती जगणार, हे मिस्त्री आणि मालक ठरवत होते. 2008 मध्ये मुंबईत टॅक्सीला 25 वर्षांची मर्यादा आली. 2013 मध्ये ती 20 वर आली. आता ठरवणार होती तारीख. मालकाने गेल्याच वर्षी इंजिन केलं असेल, पत्रा बदलला असेल, तरी विसाव्या वर्षी ते सगळं शून्य. साहजिक आहे, अठराव्या वर्षी गाडीवर पैसे लावायला कोण तयार होणार? शेवटची दोन वर्षं गाडी कशीबशी ढकलायची. म्हणजे नियम सुरक्षेसाठी, पण आयुष्याच्या टोकाला गाडी सर्वात वाईट अवस्थेत ठेवायची सोयही त्याच नियमात. याकडे फारसं कोणी बघत नाही.

बरं, ही झाली टॅक्सी. आपल्या घरच्या गाडीचं काय? 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवायची. यालाच आपण बोलीत पासिंग म्हणतो. ब्रेक, लाइट, स्टिअरिंग, धूर, चेसिस नंबर.

आकडे बघा. खासगी कारच्या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पर्यंत होती 600 रुपये. तेव्हापासून झाली 5,000. ऑगस्ट 2025 मध्ये आणखी एक पायरी आली: गाडी 20 वर्षांच्या पुढची असेल तर 10,000. मोटारसायकलला 2,000. उशीर केला तर कारला महिन्याला 500 रुपये वेगळे. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर आहेच.

इन्शुरन्सची बाजू अजून मजेशीर. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत घसरते. पण बंपरची किंमत घसरत नाही! साध्या पॉलिसीत क्लेम करताना रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के कपात. गाडी 10 वर्षांच्या पुढची असेल तर लोखंडी पार्टवरही 50 टक्के. म्हणजे ठोकर लागली की निम्मं बिल तुमचंच धरून चाला.

आणि एक विचित्र फट आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांच्या पुढची, मूळ रूपात जपलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. तिला वेगळी नंबर प्लेट आणि वारशाचा मान मिळतो, फक्त रोजच्या वापराला ती काढायची नाही. ठीक. पण 50 पर्यंत पोचायचं कसं? पंधराव्या वर्षापासून पुढची पस्तीस वर्षं ती गाडी फक्त "जुनी" असते. फी वाढत जाते, पार्ट कमी होत जातात, शेजारी विचारतात "कधी काढताय?" ही पस्तीस वर्षं कोणीतरी पदरमोड करून सांभाळली, तरच पन्नासाव्या वर्षी आपण तिच्यासोबत फोटो काढतो.

वय बघायचं की तब्येत?

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. जुनी गाडी रोमँटिक वाटते ती बाहेरून. पद्मिनीत एअरबॅग नव्हत्या, एबीएस नव्हतं. जुनी कार्बुरेटरची गाडी नव्या बीएस-6 गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण हवेत सोडते, आणि ती हवा गाडी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाते. सिग्नलवर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराला तुमच्या नॉस्टॅल्जियाशी काय करायचंय? त्यामुळे जुन्या गाडीवर काही बंधन नको, असं म्हणणं बरोबर नाही.

प्रश्न आहे, बंधन कशावर? ब्रिटनने 1960 मध्ये एमओटी नावाची सक्तीची तपासणी आणली. सुरुवातीला 10 वर्षांपेक्षा जुन्या गाड्या, आणि फक्त ब्रेक, लाइट, स्टिअरिंग. पुढे 1967 मध्ये वय तीन वर्षांवर आणलं. आजही तिथे तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी तपासणी. पण गाडी पास झाली तर ती किती वर्षांची आहे म्हणून कोणी रस्त्यावरून काढत नाही.

आपल्याकडे दोन्ही पद्धती एकत्र नांदतात, आणि गोंधळ तिथेच आहे. 2021 च्या केंद्राच्या स्क्रॅपेज धोरणात खासगी गाडीसाठी कसोटी फिटनेसची आहे. टेस्ट पास करा, चालवा. नापास झालात तर अधिकृत केंद्रात भंगारात द्या, सर्टिफिकेट घ्या, आणि नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. दुसरीकडे दिल्लीत 2015 पासून हरित लवाद आणि मग 2018 मध्ये सुप्रीम कोर्ट यांच्या आदेशांनी 10 वर्षं डिझेल, 15 वर्षं पेट्रोल अशी वयाची रेघ आली. त्या रेषेवरून आजवर कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आणि मुंबईच्या टॅक्सीची रेघही वयाचीच.

माझं मत विचाराल तर तपासणी कडक हवी, दरवर्षी हवी, मशीनवर हवी, आणि तिचा निकाल शेवटचा हवा. वयाची रेघ आखायला सोपी असते, कारण तिला फक्त आरसी बुक वाचावं लागतं. सातव्या वर्षीच ब्रेक गेलेली गाडी त्या रेषेच्या अलीकडे आरामात फिरते.

आता तुमच्या गाडीकडे येऊ

पद्मिनीकडून आपल्याला एक गोष्ट शिकता येते. गाडी किती जगेल हे तिच्या मजबुतीपेक्षा तिच्या पार्टवर आणि तिला ओळखणाऱ्या मिस्त्रीवर जास्त ठरतं.

मगाशी दोन नावं लक्षात ठेवायला सांगितली होती. जनरल मोटर्स परत आली, 2008 मध्ये पुण्याजवळ तळेगावला कारखाना काढला, आणि 2017 अखेर भारतात शेवरोले विकणं पुन्हा बंद केलं. 1954 नंतर दुसऱ्यांदा! फोर्डने 2021 मध्ये तसंच केलं. या गाड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना "पार्ट मिळेल का?" ही आजोबांची काळजी अचानक परत मिळाली. आणि या वेळी पार्ट म्हणजे लेथवर बनवता येणारी बुश नाही. तो असतो एखादा सेन्सर, एबीएसचा मॉड्यूल, किंवा ईसीयू. तो घासून, धुवून नीट होत नाही.

इंधनही बदललं. ई-20 पेट्रोलबद्दल 2025 मध्ये एवढी आरडाओरड झाली तेव्हा सरकारनेही म्हटलं, की काही जुन्या गाड्यांत दीर्घ वापरानंतर रबरचे पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च फार नाही. खर्च फार नसेलही. पण पेट्रोलच्या पाइपला चीर गेली तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. पंधरा वर्षांची गाडी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला हे पाइप आवर्जून बघायला सांगा.

ठेवायची की काढायची, हे ठरवताना बाजारात गाडीला किती किंमत मिळते ते शेवटी बघा. आधी चार गोष्टी बघा. तळाचा पत्रा सडलाय का? तुमच्या मॉडेलचे पार्ट अजून बनतात का? तिला नीट ओळखणारा मिस्त्री जवळ आहे का? आणि पासिंगची तारीख कधी आहे? पहिल्या तीनची उत्तरं चांगली असतील तर चौथ्यासाठी पैसे बाजूला ठेवा आणि गाडी बिनधास्त चालवा. पत्रा तळातून गेला असेल, पार्ट मिळत नसतील, तर भावनेपोटी ब्रेकवर तडजोड करू नका. अधिकृत केंद्रात द्या, कागद घ्या, आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर तुमच्या नावावरची गाडी कुठेतरी फिरत राहील आणि चलन तुमच्या मोबाइलवर येत राहतील.

आणि एक काम आजच करा. आरसी बुक काढा, "नोंदणी वैध" असं लिहिलंय तिथली तारीख बघा. बऱ्याच घरांत ती गेल्यानंतरच कळते. तुमच्या गाडीचं वय, मॉडेल आणि गेल्या वर्षी तिच्यावर झालेला सगळ्यात अनपेक्षित खर्च, व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्या काही वाजवू. तोपर्यंत टायरची हवा तपासा, स्टेपनीची सुद्धा. भेटू!